कॅम्बेल, सोल

कॅम्बेल, सोल : (१८ सप्टेंबर १९७४ – ). इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू व मध्य बचावपटू. पूर्ण नाव सल्झीर जेरेमाया कॅम्बेल. १९९२ ते २०११ या काळात तो टॉटनम हॉटस्पर, आर्सेनल, पोर्ट्समथ, नॉट्स काउंटी, पुन्हा आर्सेनल आणि न्यूकॅसल युनायटेड या क्लबांकडून खेळला. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत त्याचे ५०३ सामने झाले, दोन लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत आणि एक संपूर्ण हंगाम अपराजित राहिलेल्या संघाच्या बचावफळीचा तो कणा होता. तरीही त्याचे नाव निघाले की बोलणे २००१च्या उन्हाळ्यावर येते. त्या उन्हाळ्यात टॉटनमचा हा कर्णधार आपला करार संपू देऊन, टॉटनमला एक पेनीही न मिळता, शेजारच्या आर्सेनलमध्ये गेला.

पूर्व लंडनमधील प्लेस्टो येथे, जमैकाहून आलेल्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. बऱ्याच भावंडांतले हे शेंडेफळ. फुटबॉल असोसिएशनच्या लिलशॉल येथील राष्ट्रीय प्रशिक्षणशाळेत त्याची निवड झाली आणि तेथून तो टॉटनमच्या युवा संघातून वर आला. ५ डिसेंबर १९९२ रोजी चेल्सीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो पहिल्यांदा मैदानात उतरला आणि पदार्पणातच गोल करून मोकळा झाला. टॉटनमने सामना मात्र १-२ असा गमावला आणि त्या हंगामात त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. पुढच्या हंगामापासून तो नियमित खेळू लागला. सुरुवातीला त्याला बचावाच्या कडेला आणि मधल्या फळीतही खेळवले गेले. बचावाच्या मध्यभागी तो स्थिरावला तो हळूहळूच. १.८८ मीटर उंची, भारदस्त शरीर आणि त्या शरीराला न शोभणारा वेग यांमुळे एकास एक अशा झुंजीत त्याला चुकवून जाणे अवघड असे.

नव्वदच्या दशकातले टॉटनम हा मोठ्या नावाचा पण गुणतक्त्याच्या मध्यावर रेंगाळणारा क्लब होता. प्रशिक्षक येत आणि जात : ऑस्वाल्दो आर्दिलेस, जेरी फ्रान्सिस, क्रिस्टियान ग्रोस, जॉर्ज ग्रॅहम. गॅरी मॅबट यांच्यानंतर कर्णधारपद कॅम्बेलकडे आले. २१ मार्च १९९९ रोजी वेम्ब्लीवर लेस्टर सिटीविरुद्ध लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जस्टिन एडिनबरा याला लाल कार्ड मिळाल्याने टॉटनम दहा जणांवर आले होते. तरी अखेरच्या क्षणी अॅलन नील्सनने हेडर मारून १-० असा विजय मिळवून दिला. १९९१च्या एफए कपनंतर (फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा) क्लबला मिळालेला हा पहिला चषक होता आणि तो उंचावला कॅम्बेलने. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने निवडलेल्या १९९८-९९ च्या सर्वोत्तम संघातही तो होता. टॉटनमसाठी त्याने लीगचे २५५ सामने खेळले.

येथे कराराचे गणित समजून घ्यावे लागते, नाहीतर पुढचा संताप कळत नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूची नोंदणी जुन्या क्लबच्या हाती राहत असे आणि नव्या क्लबला त्याबद्दल रक्कम मोजावी लागे. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बॉस्मन याने याविरुद्ध दावा लावला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल युरोपीय संघाच्या देशादेशांतील बदल्यांपुरता होता, पण त्याच्या रेट्याने इंग्लंडमधील देशांतर्गत नियमही बदलले : २४ वर्षांवरील खेळाडू करार संपल्यावर विनामूल्य कोठेही जाऊ शकू लागला. निकाल लागला तेव्हा त्याचा फायदा बेंचवरच्या, डावललेल्या खेळाडूंना होईल असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात सर्वाधिक लाभ झाला तो कॅम्बेलसारख्या, ज्यांच्यासाठी क्लबांची रांग लागली होती अशांना. कारण क्लबची वाचलेली बदलीची रक्कम वेतनाच्या रूपाने खेळाडूकडे वळवता येऊ लागली. कॅम्बेल त्या वेळी २६ वर्षांचा, ऐन भरातला होता. नोव्हेंबर २००० मध्ये रिओ फर्डिनंड या दुसऱ्या इंग्लिश बचावपटूसाठी लीड्स युनायटेडने वेस्ट हॅमला १ कोटी ८० लाख पौंड मोजले होते. टॉटनमच्या हातून साधारण केवढी रक्कम निसटली याचा अंदाज त्यावरून येतो.

२००१च्या वसंतात टॉटनममध्ये सगळेच अस्थिर होते. अॅलन शुगर यांच्याकडून क्लबची सूत्रे एनिक या कंपनीकडे गेली, ग्रॅहम यांना काढले आणि ग्लेन हॉडल आले. ८ एप्रिल रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात आर्सेनलने टॉटनमला २-१ असे हरवले. त्या सामन्यात कॅम्बेल जखमी झाला. आपण टॉटनममध्येच राहू असे तो त्याआधी बोलून गेला होता, आणि चाहत्यांनी ते मनात धरून ठेवले होते. क्लबने त्याला आपल्या इतिहासातील सर्वांत मोठ्या वेतनाचा प्रस्ताव दिल्याचे सांगितले जात होते. बार्सिलोनासह युरोपातील बड्या क्लबांची नावे रोज छापून येत होती. आर्सेनलचे नाव त्या यादीत कोणी गांभीर्याने घेत नव्हते. पडद्याआड मात्र आर्सेनलचे उपाध्यक्ष डेव्हिड डीन यांच्या घरी रात्रीच्या वेळी त्याच्या भेटी सुरू होत्या. ३ जुलै २००१ रोजी आर्सेनलने पत्रकारांना बोलावले, तेव्हा इप्सविचचा गोलरक्षक रिचर्ड राइट याची घोषणा होणार असे जमलेल्यांनी गृहीत धरले होते. व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांच्याबरोबर दारातून आत आला तो कॅम्बेल.

दोन क्लबांमधील वैर जुने आहे. आर्सेनल मुळात लंडनमधील टेम्स नदीच्या दक्षिणेचा. १९१३ मध्ये तो उत्तर लंडनमधील हायबरीला येऊन बसला आणि टॉटनमच्या दारात हा नवा शेजारी उभा राहिला. १९१९ मध्ये पहिल्या श्रेणीची वाढीव जागा मतदानाने आर्सेनलला मिळाली आणि टॉटनम खालच्या श्रेणीत ढकलला गेला, तेव्हा या शेजाराला कायमची धार आली. तरीही माणसे इकडून तिकडे गेली नव्हती असे नाही. गोलरक्षक पॅट जेनिंग्ज १९७७ मध्ये टॉटनममधून आर्सेनलमध्ये गेले आणि दोन्हीकडे आदराचे धनी राहिले. फरक असा की त्यांना टॉटनमनेच सोडले होते. कॅम्बेल हा आपल्याच पठडीत वाढलेला कर्णधार, तो स्वतःहून गेला, तोही बदल्यात काही न देता. चाहत्यांना तो व्यवहार वाटला नाही, फितुरी वाटली. कायद्याने पाहिले तर त्याने करार शेवटच्या दिवसापर्यंत पाळला होता. वेळेत नवा करार न करण्याची चूक क्लबचीही होती, हे मात्र टॉटनमच्या बाजूने क्वचितच बोलले जाते.

१७ नोव्हेंबर २००१ रोजी तो आर्सेनलच्या पोशाखात व्हाइट हार्ट लेन या टॉटनमच्या तेव्हाच्या मैदानावर परतला. येशूला धरून देणाऱ्या ज्यूडासचे नाव छापलेले फुगे आणि फलक घेऊन प्रेक्षक तयार होते. चेंडू त्याच्या पायाशी आला की शिट्ट्यांचा गदारोळ उठे. सामना १-१ असा सुटला. रोबेर पिरेसने आर्सेनलसाठी, तर अगदी शेवटी गुस पोयेटने टॉटनमसाठी गोल केला. कॅम्बेल पूर्ण वेळ शांतपणे खेळला, हेच त्या दिवसाचे सर्वांत लक्षणीय दृश्य म्हणावे लागेल.

आर्सेनलमध्ये टोनी अॅडम्स आणि मार्टिन कीओन यांची पिढी उतरणीला लागली होती. तिची जागा भरण्यासाठीच त्याला आणले होते. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप असे दोन्ही चषक मिळाले : ८ मे २००२ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर सिल्वाँ विल्टोर्डच्या गोलने लीग जिंकली, तर त्याआधी चारच दिवस कार्डिफमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीला २-० असे नमवले होते. २००३च्या एफए कप अंतिम सामन्याला मात्र तो मुकला. एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ओले गुन्नार सोल्शेरला कोपर लागल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळाले होते आणि बंदी त्या सामन्यापर्यंत लांबली.

२००३-०४ हा त्याच्या कारकिर्दीचा कळस. लीगच्या ३८ सामन्यांत २६ विजय, १२ बरोबरी आणि पराभव एकही नाही. कॅम्बेल त्यांपैकी ३५ सामने खेळला. येन्स लेहमन गोलात, उजवीकडे लॉरेन, डावीकडे अॅश्ले कोल आणि मध्ये त्याच्या शेजारी कोलो तुरे. तुरे मुळात बचावपटू नव्हताच. वेंगर यांनी त्याला त्या हंगामात मध्यभागी उतरवले. तो धावत पुढे झेपावे आणि कॅम्बेल मागची जागा राखे, अशी ही जोडी जमली. या संघाचे कौतुक होते ते थिएरी ऑन्री आणि डेनिस बर्गकॅम्प यांच्या खेळाचे, पण पूर्ण हंगामात केवळ २६ गोल स्वीकारणारी बचावफळी नसती तर त्या १२ बरोबरींपैकी काही सामने सहज हातचे गेले असते. विजेतेपदावर शिक्कामोर्तब झाले ते २५ एप्रिल २००४ रोजी, नेमके व्हाइट हार्ट लेनवर, २-२ अशा बरोबरीने. कॅम्बेल त्या संघात होता. टॉटनमच्या चाहत्यांसाठी यापेक्षा कडू दिवस योजूनही आणता आला नसता.

अपराजित मालिका ४९ सामन्यांवर पोहोचली आणि २४ ऑक्टोबर २००४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर तुटली. वेन रूनी पडला, पंचांनी कॅम्बेलला दोषी धरून पेनल्टी दिली आणि रुड फान निस्टलरॉयने ती सत्कारणी लावली. अखेर २-० असा पराभव झाला. स्पर्श झाला की नाही यावर आर्सेनलचे चाहते अजूनही वाद घालतात. चित्रफीत पाहता कॅम्बेलचा पाय मागे घेतलेला दिसतो आणि त्यांचा मुद्दा खरा वाटतो.

यानंतर दुखापतींनी त्याला गाठले. २००५ च्या एफए कप अंतिम सामन्यात त्याला राखीव बाकावर बसावे लागले. १ फेब्रुवारी २००६ रोजी हायबरीवर वेस्ट हॅमविरुद्ध त्याचा खेळ पूर्ण विस्कटला. पाहुण्यांचे दोन गोल झाल्यावर मध्यंतरालाच तो बाहेर आला आणि सामना संपण्याआधी मैदान सोडून निघून गेला. तो पुन्हा आर्सेनलसाठी खेळेल का, अशी चर्चा सुरू झाली. पण १७ मे २००६ रोजी पॅरिसमध्ये बार्सिलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो संघात होता. लेहमनला लवकरच लाल कार्ड मिळाल्याने आर्सेनल दहा जणांवर खेळत होते. ३७व्या मिनिटाला ऑन्रीच्या फ्री किकवर कॅम्बेलने उंच झेप घेऊन हेडर मारला आणि आर्सेनल पुढे गेले. ही आघाडी ७६व्या मिनिटापर्यंत टिकली. मग सॅम्युएल एटो आणि जुलियानो बेलेट्टी यांनी पाच मिनिटांत सामना फिरवला. त्या उन्हाळ्यात परस्पर संमतीने त्याने आर्सेनल सोडले.

ऑगस्ट २००६ मध्ये तो हॅरी रेडनॅप यांच्या पोर्ट्समथमध्ये दाखल झाला. युरोपातल्या एखाद्या बड्या क्लबाची अपेक्षा करणाऱ्यांना हे उतरणे वाटले, पण तेथेही त्याने तीन हंगाम आणि लीगचे ९५ सामने दिले. १७ मे २००८ रोजी, पॅरिसच्या पराभवानंतर बरोबर दोन वर्षांनी, वेम्ब्लीवर न्वान्क्वो कानूच्या गोलने कार्डिफ सिटीला १-० असे हरवून पोर्ट्समथने एफए कप जिंकला. १९३९ नंतर क्लबला तो प्रथमच मिळत होता. कर्णधार होता कॅम्बेल. जुने वैर मात्र मिटले नव्हते. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्ट्समथमधील सामन्यात टॉटनमच्या काही प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध अत्यंत गलिच्छ घोषणा दिल्या. या वेळी त्याने ते मुकाट्याने सोडले नाही. पोलिसांनी छायाचित्रांवरून माणसे शोधली, खटले झाले आणि दोषींवर मैदानबंदी आली. सात वर्षे ‘मैदानावरची गंमत’ म्हणून खपवल्या गेलेल्या प्रकाराला पहिल्यांदा गुन्हा म्हटले गेले.

२००९ मध्ये नॉट्स काउंटीशी झालेला करार हे त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत विचित्र प्रकरण. १८६२ मध्ये स्थापन झालेला हा जगातील सर्वांत जुन्या व्यावसायिक क्लबांपैकी एक, त्या वेळी इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत, म्हणजे लीग टूमध्ये होता. मध्यपूर्वेतील पैशाचा हवाला देणाऱ्या नव्या मालकांनी इंग्लंडचे माजी प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन यांना फुटबॉल संचालक नेमले आणि कॅम्बेलला पाच वर्षांचा करार दिला. १९ सप्टेंबर रोजी मोरकॅम्बविरुद्ध तो खेळला, संघ १-२ असा हरला, आणि काही दिवसांतच त्याने करार संपवला. कबूल केलेले खेळाडू आणि सुविधा कोठेच दिसत नव्हत्या. पुढे तो पैसा नव्हताच हे उघड झाले आणि क्लब कर्जात बुडाला. गंमत अशी की कॅम्बेलविना नॉट्स काउंटीने त्याच हंगामात लीग टू जिंकली. खेळाडूंच्या बदल्यांची मुदत संपलेली असल्याने त्याला जानेवारीपर्यंत दुसरीकडे खेळता येईना. तो वेंगर यांच्या परवानगीने आर्सेनलबरोबर सराव करत राहिला.

जानेवारी २०१० मध्ये आर्सेनलने ३५ वर्षांच्या कॅम्बेलला पुन्हा करारबद्ध केले. फेब्रुवारीत पोर्टो येथे चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात त्याने हेडरने बरोबरीचा गोल केला, आणि उत्तरार्धात त्याच्याच पायाला लागून मागे आलेला चेंडू गोलरक्षक लुकाश फाबियान्स्कीने नियमाविरुद्ध हातात घेतल्याने अप्रत्यक्ष फ्री किक जाऊन पोर्टोचा विजयी गोल झाला. लंडनमधील परतीचा सामना आर्सेनलने ५-० असा जिंकला. लीगचे ११ सामने खेळून तो न्यूकॅसल युनायटेडकडे गेला. तेथे २०१०-११ मध्ये त्याच्या वाट्याला लीगचे सातच सामने आले. मे २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. इंग्लंडसाठी तो ७३ सामने खेळला आणि १९९६ ते २००६ या काळातील सलग सहा मोठ्या स्पर्धांच्या संघांत होता.

व्यवस्थापक म्हणून त्याला पहिली नोकरी मिळायला नोव्हेंबर २०१८ उजाडले. लीग टूच्या तळाशी असलेल्या मॅक्लसफील्ड टाउनला त्याने शेवटच्या दिवशी घसरणीतून वाचवले. वेतन थकवणाऱ्या त्या क्लबातून तो ऑगस्ट २०१९ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ ते जून २०२० तो साउथएंड युनायटेडमध्ये होता, आणि तो हंगाम संपला तेव्हा साउथएंड खालच्या श्रेणीत घसरला होता.