उद्योगांना सवलत आणि उद्योगांसाठी सुधारणा: गल्लत कुठे होते?

मंत्रिमंडळाची बैठक झाली की ‘उद्योगांना दिलासा’ या एकाच मथळ्याखाली दोन निरनिराळ्या जातीचे निर्णय छापून येतात. एका निर्णयात सरकार तिजोरीतून पैसे देते किंवा येणे सोडून देते, तर दुसऱ्यात नियमच बदलते. दोन्हींचा जाहीर हेतू रोजगारवाढ हाच असल्यामुळे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आठ-दहा माणसांवर वर्कशॉप चालवणाऱ्याची गल्लत झाली तर नवल नाही.

सवलतींचा आपल्या राज्यातील मुख्य मार्ग म्हणजे 1964 पासून वेळोवेळी नव्या रूपात येत गेलेली सामूहिक प्रोत्साहन योजना. तीत तालुक्यांची विकासानुसार वर्गवारी केलेली असते आणि तालुका जितका मागे तितकी सवलत अधिक. राज्य वस्तू व सेवा कराचा परतावा, व्याजात अनुदान, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कात माफी असे तिचे स्वरूप आहे. हे लाभ आपोआप मिळत नाहीत. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते, आधी कर भरावा लागतो, मग दावा दाखल करावा लागतो आणि अर्थसंकल्पात तरतूद असेल तसा पैसा हाती येतो. म्हणूनच हा परतावा खेळत्या भांडवलात धरून चालणे धोक्याचे असते. तसा हा प्रकार आपल्याकडे योजनेहूनही जुना म्हणावा लागेल, कारण 1910 मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही एका कारखान्यापुरती दिलेली सवलतच होती.

या योजनेची खरी मेख अशी की लाभाची कमाल मर्यादा प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे इमारत-यंत्रे यांत घातलेल्या पैशांवर ठरते. समजा, एकाने दोन कोटी रुपये सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांत घातले आणि सहा ऑपरेटर नेमले, तर दुसऱ्याने तेवढ्याच पैशांत फॅब्रिकेशनची शेड उभारून तीस माणसे कामाला लावली. तालुका आणि वर्गवारी एकच असेल तर दोघांची मूळ मर्यादा जवळपास सारखीच येते. स्थानिकांना 80 टक्के रोजगार देण्याची अट असते, पण ती कोणाला घ्यायचे ते सांगते, किती जणांना घ्यायचे ते नाही.

सुधारणेचे ठळक उदाहरण म्हणजे 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. 1948 च्या जुन्या कायद्यात लहानमोठ्या सर्वच आस्थापनांना नोंदणी करावी लागे. नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना केवळ कळवण्याची मुभा दिली आणि दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवण्याची वाट मोकळी केली. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मंजुरी दिली. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरील हॉटेलवाल्याला यासाठी कसलेही पात्रता प्रमाणपत्र लागत नाही. सरकारलाही यात फारसा खर्च नाही. मात्र नोंदणी सुटली की कामगाराची कागदोपत्री ओळखही पुसट होते. सुधारणेची किंमत अशी कधी कधी तिजोरीऐवजी कामगाराकडून वसूल होते, आणि तिचा उल्लेख घोषणेत नसतो.

‘मैत्री’ ही एक खिडकी व्यवस्था तर हमखास गोंधळात टाकते. 2023 च्या कायद्याचा आधार असलेली ही व्यवस्था परवानग्या एका ठिकाणी आणि मुदतीत मिळाव्यात यासाठी आहे, म्हणजे ती सुधारणा आहे. तिच्यामुळे कोणाच्या खात्यात अनुदान जमा होत नाही.

कोणता निर्णय कुठे उपयोगी पडतो, हे जागेवर अवलंबून आहे. माण, खटाव, जत, आटपाडी अशा दुष्काळी तालुक्यांत पाणी आणि अंतर यांचा तोटा खराच असल्याने तो भरून काढणारी सवलत समर्थनीय ठरते. पुण्याजवळच्या, थेट महामार्गावरील शिरवळला मात्र कारखाने एरवीही आले असते, असे मला वाटते. तिथल्या उद्योजकाला परताव्यापेक्षा वेळेत मिळालेली वीजजोडणी आणि परवानगी अधिक मोलाची आहे.

नव्या युनिटच्या तयारीत असलेल्यांनी एक क्रम मात्र सांभाळावा. नियमातील बदल लागू झाला की तो सर्वांना आपोआप मिळतो. मुद्रांक शुल्काच्या माफीसाठी मात्र जिल्हा उद्योग केंद्राचे प्रमाणपत्र दस्त नोंदवण्याआधीच हातात असावे लागते.