अवकाशभय आणि नगररचना

मोकळ्या, बंदिस्त वा ओसाड जागेत वाटणारी चिंता आणि इमारती, रस्ते, चौक यांची घडण यांचा परस्परसंबंध. मानसोपचार, समाजशास्त्र व वास्तुकला या तिन्ही शास्त्रांत त्याचा विचार झाला आहे. प्रस्तुत नोंदीत नागपूर शहराच्या संदर्भात त्याचा परामर्श घेतला आहे.

या विचाराचा उगम सामान्यतः १८७०–७१ मधील दोन वैद्यकीय लेखांत मानला जातो. त्यांपैकी अग्रमान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. व्हिएन्नाचे मोरित्स बेनेडिक्ट यांनी १८७० मध्ये चौक ओलांडताना येणाऱ्या भोवळीचे वर्णन केले व तिचे कारण डोळ्यांच्या स्नायूंतील दोषात शोधले. बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी पुढच्याच वर्षी (काहींच्या मते १८७२) तीन पुरुष रुग्णांची हकिकत प्रसिद्ध करून विकाराला ‘ॲगोराफोबिया’ (मोकळ्या जागेचे भय) हे नाव दिले. कालानुक्रमे बेनेडिक्ट आधीचे खरे, तथापि वेस्टफाल यांचे निदान अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या रुग्णांना भोवळ येत नसे, भीती वाटे आणि ती अकारण आहे हेही त्यांना कळे. सोबत कोणी असले, हातात काठी असली किंवा जवळून एखादी गाडी जात असली, तर त्यांचा त्रास कमी होई. डोळ्यांतला दोष सोबतीने नाहीसा होत नाही. दुकाने बंद झालेल्या निर्मनुष्य रस्त्यावरही तीच भीती दाटून येई. म्हणजे प्रश्न केवळ रुंदीचा नव्हता. वेस्टफाल यांचे हे महत्त्वाचे निरीक्षण नगररचनेवरील नंतरच्या लेखनात मागे पडले.

नगररचनेत ही कल्पना रुजवली ती मुख्यतः व्हिएन्नाचे वास्तुकार कामिलो सिट्टे यांनी (१८८९). १८५७ च्या राजाज्ञेनंतर व्हिएन्नाचा जुना तट पाडून तेथे रिंगस्ट्रास हा प्रशस्त मार्ग आखला गेला होता. त्याच्या कडेचे उघडे चौक सिट्टे यांना खटकले. इमारतींनी वेढलेल्या जुन्या, लहान चौकांत हा विकार कोणाला जडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दगडाधातूच्या पुतळ्यांनाही त्याची बाधा होते, असेही त्यांनी लिहिले. ते अर्थात अलंकारिक समजावे. तेथलेच वास्तुकार ओटो वाग्नर यांचा कल याउलट सरळ, रुंद रस्त्यांकडे होता. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल (१९०३) यांनी महानगरी जीवनाचा मनावरील ताण, तर वास्तुकार ऑस्कर न्यूमन (१९७२) यांनी गुन्ह्यांची भीती व गृहरचना यांचा संबंध मांडला.

नागपुरात दोन्ही प्रकारची वस्ती शेजारी-शेजारी आहे. महाल व इतवारीत दाट घरे आणि अरुंद बोळ, तर सिव्हिल लाइन्समध्ये मोठ्या आवारांतले बंगले आढळतात. सिट्टे यांचा निकष लावल्यास कस्तुरचंद पार्कचे विस्तीर्ण मैदान भयप्रद ठरावे. मे महिन्यात भरदुपारी ते ओस पडते हे खरे. परंतु पारा ४५° से. च्या आसपास असताना माणसे उन्हालाच टाळतात, हे ध्यानात घ्यावे लागते. दीक्षाभूमीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी लाखो लोक जमतात आणि त्याच मोकळ्या जागेत अनेक कुटुंबे चटया अंथरून निर्धास्त मुक्काम करतात.

वर्धा मार्गावर ३.१४ किमी लांबीचा दुमजली पूल आहे : जमिनीवर मूळ रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. खालचा रस्ता ओलांडताना वयस्कर माणसे दुभाजकापाशी खोळंबतात. शेजारी आणखी कोणी येऊन उभे राहिले, की हात वर करून जोडीने निघतात. वेस्टफाल यांच्या रुग्णांनाही असाच सोबतीचा आधार लागे. मात्र येथे भरधाव गाड्यांचे खरेखुरे कारण असल्याने या भीतीला भयगंड म्हणणे अन्यायाचे होईल. हा दोष रस्त्याच्या आखणीचा आहे.

घरांच्या रचनेतील बदल याच्या उलट दिशेचा आहे. जुन्या घराच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला अख्खा बोळ दिसे. नव्या सोसायट्यांत बाल्कनीला ग्रिल, दाराला लोखंडी सेफ्टी डोअर, तर कुठे कुंपणाच्या भिंतीवर काचांचे तुकडे दिसतात. न्यूमन यांचा भर रहिवाशांची नजर सामायिक जागेवर राहण्यावर होता. ग्रिलमुळे चोराला अटकाव होतो, पण जिन्यात व गेटपाशी कोण उभे आहे हे पाहायला त्यामागे बहुधा कोणी बसलेले नसते.