तयार गेमिंग पीसी: ‘असेंबल्ड’ आणि ‘प्रीबिल्ट’ यांच्यातला घोळ

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, २०२० च्या आधी ‘प्रीबिल्ट’ (आधीच जोडून ठेवलेला) हा शब्द क्वचितच कानावर पडायचा. तिथे कॉम्प्युटरच्या दोनच जाती होत्या: ब्रँडेड आणि असेंबल्ड. ब्रँडेड म्हणजे बँकेत, शाळेत, सीएच्या ऑफिसात दिसणारं सीलबंद मशीन. त्यात अस्सल विंडोज असायचं, वर्षभर घरी येऊन दुरुस्ती मिळायची आणि ग्राफिक्स कार्डाच्या (गेममधली चित्रं उमटवणाऱ्या पार्टच्या) नावाने शून्य. असेंबल्ड म्हणजे सुटे पार्ट जोडून बनवलेलं बाकी सगळं. गेम खेळायचे तर असेंबल्डच, हे इतकं गृहीत होतं की त्यावर कोणी वाद घालत नसे.

आज दुकानात किंवा ऑनलाइन जो ‘गेमिंग पीसी’ तयार मिळतो, तो यांपैकी कोणत्या जातीचा, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. त्याच्या दर्जाबद्दल आणि किमतीबद्दलचे बहुतेक वाद या एका शब्दाच्या घोळातून निघतात.

‘प्रीबिल्ट’ हा शब्द अमेरिकेतून आला. तिथे दुकानात मिळतो तो तयार पीसी, आणि हौशी माणूस सुटे पार्ट मागवून घरी स्वतः जोडतो तो दुसरा. स्वतः जोडला की जोडणावळ वाचते. ती रक्कम तिथे मोठी असल्याने ‘तयार घेऊ नका, स्वतः जोडा’ हा सल्ला तिथे रास्त होता. आपल्याकडे मात्र तिसरी रीत होती. गिऱ्हाईक कागदावर पार्टची यादी घेऊन जायचं, दुकानदार भाव लावायचा, थोडी घासाघीस व्हायची आणि दोन-तीन तासांत दुकानातला मुलगा मशीन जोडून, चालू करून हातात द्यायचा. जोडणावळ काहीशे रुपये, बरेचदा तीही नाही. मग याला काय म्हणायचं? गिऱ्हाइकाने स्क्रू ड्रायव्हर हातात धरलेला नाही, म्हणून अमेरिकी अर्थाने हा तयार पीसी. पण प्रत्येक पार्ट त्याने निवडलेला आहे, म्हणून तयारही नाही. इंग्रजी व्हिडिओ बघून ‘प्रीबिल्ट म्हणजे फसवणूक’ असं ठामपणे सांगणारी आपली मुलं अनेकदा स्वतः दुकानात जोडून घेतलेलं मशीन वापरत असतात. जोडणावळ वाचवण्याचा मुद्दा आपल्याकडे मुळात लागूच नव्हता. मुद्दा होता तो निवड कोणाची आणि आतला प्रत्येक पार्ट कागदावर आहे का, याचा.

मागचा इतिहास थोडक्यात पुरे. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीची रचना खुली होती, म्हणून नकला झाल्या. १९९५ मध्ये मदरबोर्डचं (सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डचं) एटीएक्स हे नवं मोजमाप आलं आणि एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसवणं आणखी सोपं झालं. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने, २००५ पर्यंत, शून्यावर आणायचं मान्य केलं. तोवर ग्रँट रोड स्टेशनजवळचा, एका ब्रिटिश गव्हर्नरच्या नावाने ओळखला जाणारा लॅमिंग्टन रोड देशातल्या मोठ्या सुट्या पार्टच्या बाजारांत गणला जाऊ लागला होता.

त्या काळाची खरी खूण म्हणजे ‘बिल पाहिजे का?’ हा प्रश्न. विक्रीकर, मग व्हॅट आणि मुंबईत वरून जकात. बिलाशिवाय घेतलं तर भाव उतरायचा. असेंबल्ड स्वस्त पडायचा त्यातला मोठा भाग हाच होता, आणि दुसरा भाग म्हणजे चोरीचं विंडोज. ब्रँडेड महाग आणि असेंबल्ड स्वस्त ही जी तुलना वर्षानुवर्षं केली गेली, तिच्यात एका बाजूला कर आणि परवाना धरलेला होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. हे स्पष्टपणे सांगितलं गेलं पाहिजे होतं, ते फारसं कोणी सांगितलं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि कॉम्प्युटरवर देशभर १८ टक्के लागू झाले. मोठ्या मॉनिटरवर मात्र २८ टक्के होते. २०१९ च्या सुरुवातीपासून ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ मध्ये आले. ऑनलाइन दुकानांची बिलं पक्की असायची, त्यामुळे बिलाशिवायचा फायदा आटत गेला. तयार गेमिंग पीसीला आपल्याकडे जागा मिळाली त्याची सुरुवात इथून आहे.

त्या जागेत सगळ्यात आधी शिरला तो मात्र वाईट माल. ऑनलाइन बाजारपेठांत ‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी’ अशा जाहिराती दिसू लागल्या आणि किंमत चांगल्या फोनपेक्षा कमी. यातला प्रत्येक शब्द अक्षरशः खरा असू शकतो. आय-७ हा इंटेलचा प्रोसेसर (मुख्य चिप) असतो, पण २०११-१२ च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, जुन्या ऑफिस मशीनमधून काढलेला. मदरबोर्ड एच-६१, नव्याने बनवलेला पण त्याच जुन्या जातीचा. आणि ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे जीटी ७३० हे मंद कार्ड.

आपल्याकडे ग्राफिक्स कार्ड जीबीवर मोजायची सवय लागली. ज्या घरात अख्ख्या कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ (खरं तर हे आतल्या प्रोसेसरचं नाव) म्हणतात, तिथे दुकानदाराने ‘४ जीबीचं कार्ड टाकलंय’ म्हटलं की आई-बाबांना ते पुरेसं वाटतं. २०१४ चं जीटी ७३० एकाच नावाखाली तीन वेगळ्या रूपांत विकलं गेलं. त्यातल्या ६४ बिट डीडीआर-३ रूपात मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी आहे. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआयमध्येही मेमरी ४ जीबीच, पण वेग ११२ जीबी. दोन्हींच्या पाटीवर ‘४ जीबी’ लिहिता येतं, आणि दोघांत जवळपास आठपट अंतर आहे. एका वर्षाच्या बचतीतून मुलाला असं मशीन घेऊन दिलेले पालक मी पाहिले आहेत. त्यांना पुन्हा पैसे घालायला सांगताना जीभ रेटत नाही.

या मशीनचा दुसरा फटका उशिरा बसला. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागू लागला. पळवाटेने जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकता येतं, आणि विक्रेते तसं टाकून देतातही. पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम सापडला नाही तर उघडतच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट) संपला. म्हणजे ज्या गेमसाठी मशीन घेतलं, तो चालवायला जुन्या विंडोजवर अडकून राहायचं.

एसएमपीएसची, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याची, गोष्टही अशीच. आपल्याकडे बरीच वर्षं एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट यायचा, वर ‘४५० वॉट’ असं छापलेलं. ग्राफिक्स कार्डाचा भार आला की तो आकडा खरा ठरत नसे. अमेरिकेत दोष उलट दिशेचा होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या एका मोठ्या कंपनीने एटीएक्ससारखाच दिसणारा प्लग वापरला, पण आतल्या तारांचा क्रम बदललेला. त्यात बाजारातला साधा मदरबोर्ड जोडला तर तो जळायचा. पुढेही तिथल्या नामांकित मशीनमध्ये स्वतःच्या मापाचा बोर्ड, स्वतःच्या मापाचं कॅबिनेट हा प्रकार चालू राहिला. थोडक्यात, आपल्याकडच्या स्वस्त मशीनचा पार्ट वाईट असायचा पण बदलता यायचा. तिथल्या महाग मशीनचा पार्ट बरा असायचा पण बदलता येत नसे. माझ्या मते दुसरा दोष जास्त गंभीर आहे, कारण पाच वर्षांनी तो मशीनच भंगारात काढतो.

आता २०२० ते २०२२. तयार पीसीबद्दलचं मत या दोन वर्षांत बदललं, आणि ते का बदललं हे समजून घेतल्याशिवाय आजचे भाव कळत नाहीत.

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड आलं, जाहीर किंमत ६९९ डॉलर. त्या किमतीला ते फार थोड्यांच्या हाती लागलं. टाळेबंदीमुळे घरोघरी मागणी वाढली होती, चिपचा पुरवठा तुटला होता आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं सोडवून चलन मिळवणं) करणारे मिळेल ते कार्ड उचलत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरचं आरटीएक्स ३०६० मायनिंगचा वेग मुद्दाम घटवून आणलं, पण पुढच्याच महिन्यात निर्मात्याच्याच एका ड्रायव्हरमधून ती मर्यादा चुकून निघून गेली. भारतात कार्डांचे भाव जाहीर किमतीच्या दुपटीवर गेले.

याच काळात अनेक दुकानांनी ठरवलं: कार्ड सुटं मिळणार नाही. हवं असेल तर पूर्ण पीसी घ्या, निदान मदरबोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर तरी सोबत घ्या. यावरून जितकं भांडण झालं तितकं या बाजारात क्वचितच कशावरून झालं असेल. दुकानदारांचं म्हणणं असं की सुटं कार्ड ठेवलं की मायनिंगवाला एकदम दहा नेतो आणि गेम खेळणारा मुलगा रिकाम्या हाताने परत जातो. पूर्ण पीसीची अट घातली तर कार्ड खऱ्या गिऱ्हाइकाकडे जातं. शिवाय वितरकही त्यांना कार्डासोबत न खपणारा माल घ्यायला लावत होते. यात तथ्य आहे, ते नाकारता येत नाही. पण ज्याच्याकडे तीन वर्षांचं चांगलं मशीन होतं आणि फक्त कार्ड बदलायचं होतं, त्याला ही अट सरळ दंड होती. आणि सोबत गळ्यात मारलेले पार्ट कोणते होते? बहुतेकदा गोदामात पडून असलेले. एसएमपीएसची निवड गिऱ्हाइकाची नाही, मदरबोर्डाची नाही. ज्या बाजाराची सगळी ताकद ‘यादी तुमची, जोडणी आमची’ यात होती, त्याने ती यादीच गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतली. असेंबल्ड पीसी प्रीबिल्ट झाला तो इथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वेळी मोठ्या कंपन्यांच्या तयार पीसीचं पारडं जड झालं. त्यांना कार्डं मोठ्या कराराने ठरलेल्या भावात मिळत होती. अमेरिकेत लोक अख्खं मशीन घेऊन आतलं कार्ड काढून ठेवायचे आणि उरलेलं विकून टाकायचे, तरी परवडायचं. ‘तयार पीसी महागच पडतो’ हा जुना नियम उलटला. त्या यशात दोष झाकले गेले. एकच रॅमची पट्टी, म्हणजे मेमरीच्या दोन मार्गांपैकी एक रिकामा आणि काही गेममध्ये वेग सरळ घटलेला. प्रोसेसरवर छोटा पंखा. हवा आत यायला जागाच नसलेलं काचेचं कॅबिनेट. आणि कार्डावर कोणाचंच नाव नाही, कारण ते त्या कंपनीसाठी खास बनवलेलं.

वॉरंटीचा प्रश्न इथेच येतो. सुट्या पार्टच्या मशीनमध्ये जबाबदारी वाटलेली असते: कार्डाला बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा अधिक, रॅमला त्याहून जास्त, आणि प्रत्येकाचं सर्व्हिस सेंटर वेगळं. मशीन आपोआप बंद पडू लागलं तर दोष कुठला, हे शोधायला ओळखीचा दुकानदार लागतो. तयार मशीनमध्ये एकच फोन नंबर असतो. मात्र त्याची मुदत बहुधा एक वर्ष, आणि ती संपली की सगळ्या पार्टची एकदम संपते. बिननावाच्या कार्डाला स्वतःची वॉरंटी नसते. लहान गावात, जिथे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणीही नाही, तिथे घरी येणारा माणूस मोलाचा आहे. सांगली-नांदेडच्या गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला आणि दादरच्या गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला सारखा असू शकत नाही.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली. वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली आणि ‘आतलं कार्ड नवं आहे ना?’ हा प्रश्न असेंबल्ड मशीनबद्दलही विचारला जाऊ लागला. त्याच सुमारास आरटीएक्स ३०६० चं ८ जीबी रूप आलं. नाव तेच, पण मेमरीचा मार्ग १९२ ऐवजी १२८ बिटचा, म्हणजे वेग कमी. तयार पीसीच्या पाटीवर दोन्हींसाठी ‘आरटीएक्स ३०६०’ एवढंच लिहिलं तरी चालतं. एप्रिल २०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआयलाही ८ आणि १६ जीबी अशी दोन रूपं आहेत.

२०२५ च्या शेवटी पुन्हा तेच चित्र, या वेळी रॅमचं. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी वळवली गेली आणि काही महिन्यांत सुट्या डीडीआर-५ पट्ट्यांचे भाव दुपटी-तिपटीने चढले. मेमरी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे जुन्या भावाने भरलेला साठा होता, त्यांचे तयार पीसी सुट्या पार्टच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकत होते. त्याच वेळी नव्या मशीनमध्ये दोनऐवजी एकच पट्टी घालून भाव खाली दाखवण्याचं कारणही विक्रेत्यांना मिळालं. पाटीवर ‘१६ जीबी डीडीआर-५’ लिहिलेलं असतं; पट्ट्या किती, ते विचारावं लागतं.