प्रार्थना करणाऱ्याला टेन्शन येत नाही?

"विश्वास पक्का असेल तर टेन्शन येतच नाही, आलं तर प्रार्थना कमी पडली." नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत हे वर्षानुवर्षं ऐकतोय. झोपेची गोळी पर्सच्या तळाशी लपवून चर्चला येणारी बाई मी पाहिली आहे.

बायबल असं म्हणत नाही. गेथशेमाने बागेत येशू स्वतःच सांगतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचा का?

एलीयाचं तर बघा (१ राजे, अध्याय १९). ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत रागावत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, झोपतो. दूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. उपदेश नाहीच!

"चिंता करू नका" हे प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना पत्रात लिहिलं खरं, पण कैदेतून. त्याच पत्रात, माझ्या संकटात सोबत दिलीत हे बरं केलंत, असंही तो म्हणतो. म्हणजे प्रार्थनेला माणसांची जोड होतीच.

राहिला डॉक्टर. सीताबर्डीचं मुर मेमोरियल हॉस्पिटल मिशननंच काढलेलं. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.