कुकी आली कुठून आणि पाळतीला कशी लागली

सुरुवातीच्या वेबला स्मरणशक्ती नव्हती. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने ते द्यायचं आणि लगेच विसरून जायचं. वाचनापुरतं हे चालायचं. ऑनलाइन खरेदीत मात्र पान बदललं की निवडलेली वस्तू गायब. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी तोडगा काढला. सर्व्हरने एक छोटी नोंद ब्राउझरकडे ठेवायला द्यायची आणि पुढच्या भेटीत ब्राउझरने ती दाखवायची. हीच कुकी. जिने दिली त्याच साइटला ती परत मिळणार, अशी अट होती. माणसाला वेबभर एकच कायमचा क्रमांक चिकटू नये, हा विचार त्यामागे होता.

पळवाट निघाली ती पानाच्या रचनेतून. मजकूर एका सर्व्हरवरून येतो, तर जाहिरातीचं चित्र दुसऱ्याच. ते चित्र मागताना ब्राउझर जाहिरात कंपनीला तिची कुकी दाखवतो आणि चित्र कुठल्या पानावर लागणार आहे तेही सांगून टाकतो. हीच कंपनी हजारो साइटवर असेल, तर कोण काय वाचतो याची वही तिच्याकडे आपोआप भरत जाते. जाहिरातीवर क्लिक करायचीही गरज नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या आरएफसी २१०९ या मानकाने अशा थर्ड-पार्टी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कुणाच्या, कुकी मुळात बंदच ठेवाव्यात, असं सुचवलं होतं. सहलेखक खुद्द माँटुली! तरी नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही त्या चालूच ठेवल्या. माँटुलींचं म्हणणं असं की कुकी निदान दिसते, पुसता येते. ती अडवली तर कंपन्या न दिसणारं काहीतरी शोधतील. युक्तिवाद पोकळ नव्हता. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने फाँट, प्लगइन, स्क्रीनचा आकार अशा तपशिलांवरून ब्राउझर ओळखून पाहिले, तेव्हा नमुन्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. पण सेटिंगमध्ये जाऊन कुकी बंद करणारे असतात किती? बहुतेकांसाठी डीफॉल्ट, म्हणजे आधीपासून ठरवून दिलेली सेटिंग, हाच निर्णय असतो.

'डू नॉट ट्रॅक'ची तर शोकांतिकाच झाली. ब्राउझरने साइटला पाठवायचा 'माझा माग काढू नका' असा तो निरोप मानायचं बंधन जवळपास कुणावरच नव्हतं. उलट त्या निरोपावरूनही ब्राउझर ओळखायला मदत होऊ शकते, म्हणून २०१९ मध्ये ॲपलने तो सफारीतून काढून टाकला.

फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी डीफॉल्ट अडवायला सुरुवात केली. सफारीने मार्च २०२० मध्ये सगळ्याच थर्ड-पार्टी कुकी बंद केल्या. क्रोमची गोष्ट निराळी. तो बनवणारी गूगल जाहिरातींवर जगते, आणि डबलक्लिक ही बडी जाहिरात कंपनी तिने २००८ मध्येच पदरात पाडून घेतली होती. जानेवारी २०२० मध्ये तिने दोन वर्षांत या कुकी हटवण्याचं जाहीर केलं, मग मुदत पुढे ढकलत नेली आणि जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला. त्याऐवजी वापरकर्त्यालाच निवड करायला सांगू, असं तेव्हा ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये तो स्वतंत्र प्रश्न विचारणंही रद्द झालं.