लिनक्सवर वायफाय कार्ड बसवणे (ग्रामीण विदर्भ)

लिनक्स या मुक्तस्रोत संचालन प्रणालीवर संगणकातले बिनतारी जाळ्याचे कार्ड ओळखणे, त्याला लागणारा ड्रायव्हर आणि फर्मवेअर पुरवणे व ते राउटरशी किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटशी जोडणे, या सगळ्या कामाला मिळून बोलण्यात ‘वायफाय बसवणे’ म्हणतात. नव्या लॅपटॉपवर आजकाल यातले बहुतेक काम आपोआप होते. विदर्भाच्या खेड्यात मात्र लिनक्स येते ते बहुधा जुन्या यंत्रावर. नागपूर किंवा अमरावतीहून आणलेला वापरलेला लॅपटॉप असतो, जिल्हा परिषद शाळेतला कपाटात पडून असलेला संगणक असतो, नाहीतर विंडोज चालवताना दम लागणारे ग्रामपंचायतीतले यंत्र असते. अशा यंत्रांचे कार्डही जुने असते आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. तो सोडवणारा माणूस कधी संगणक परिचालक असतो, कधी हौशी शिक्षक, तर कधी सुट्टीत घरी आलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी.

कार्डाची ओळख

लॅपटॉपच्या झाकणावर छापलेल्या नावावरून आतल्या वायफायचे काहीच कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप निघतात. डोंगलची, म्हणजे यूएसबीला लावायच्या छोट्या वायफाय यंत्राची, गत त्याहून वाईट, कारण खोके तेच, आकार तोच आणि आतली चिप मात्र बदललेली. म्हणून पहिले काम चिप ओळखण्याचे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा मदरबोर्डला जोडलेल्या कार्डांची यादी देते, तर ‘एलएसयूएसबी’ यूएसबीला लावलेल्या वस्तूंची. पहिल्या आज्ञेला ‘एनएनके’ हा पर्याय जोडला की कार्डाचा ओळखक्रमांक दिसतो आणि सध्या कोणता ड्रायव्हर ते कार्ड सांभाळतो आहे हेही दिसते. ओळखक्रमांकाचे दोन भाग असतात. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक; रिअलटेकचेच यूएसबी डोंगल असेल तर ०बीडीए. दुसरा भाग नेमक्या चिपचा. फोनवरून कुणाची मदत घ्यायची असेल तर ‘वायफाय पकडत नाही’ एवढे सांगून भागत नाही. हा आठ अक्षरांचा क्रमांक वाचून दाखवला की निम्मे काम तिथेच होते.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

या दोन शब्दांची गल्लत फार होते. ड्रायव्हर हा लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा भाग असतो आणि तो संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर ही खुद्द कार्डाच्या चिपवर चालणारी छोटी आज्ञावली. बहुतेक कार्डांत ती कायमची साठवलेली नसते. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. फाइल नसेल तर कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हरही लागलेला असतो, तरी एकही जाळे सापडत नाही. अशा वेळी ‘डीएमईएसजी’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. कोणती फाइल सापडली नाही तिचे नाव तिथे अक्षरशः लिहिलेले असते. नवशिके ही नोंद न वाचताच अख्खी प्रणाली पुन्हा टाकायला घेतात आणि दिवस वाया घालवतात.

ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअर बहुधा कंपनीच्या मालकीचे असते, त्याचा मूळ कोड कुणाला पाहता येत नाही. म्हणून डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ वितरणाने (वितरण म्हणजे लिनक्सची वापरायला तयार बांधणी) ते अनेक वर्षे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. २०२२ साली डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. तत्त्वाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ज्या गावात नेटची केबल नाही, तिथे त्या तत्त्वाची किंमत वापरणाऱ्यानेच मोजली, हेही खरे आहे.

आधीची वाटचाल

वायफायचे मूळ मानक, ८०२.११, १९९७ साली आले. लिनक्समध्ये त्या काळी वायफाय जुळवायला ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा वापरत. आज तिची जागा ‘आयडब्ल्यू’ने घेतली आहे, तरी जुन्या पाठात तीच सापडते. २००० नंतरच्या दशकात अनेक कंपन्या चिपची माहिती द्यायला तयार नव्हत्या. मग विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर कसाबसा चालवणारी ‘एनडीआयएसरॅपर’ ही तोड निघाली. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी कंपनीच्या ड्रायव्हरचे वागणे उलट बाजूने उलगडून त्याचे वर्णन लिहिले आणि त्यावरून दुसऱ्यांनी ‘बी४३’ हा मुक्त ड्रायव्हर घडवला. तो २००८ च्या सुरुवातीला कर्नलमध्ये आला. त्याआधी, २००७ मध्ये, कर्नलला ‘मॅक८०२११’ हा सामाईक पाया मिळाला होता. त्यामुळे प्रत्येक ड्रायव्हरने वायफायचा सगळा व्यवहार नव्याने लिहिण्याची गरज संपली. २००८ मध्ये अ‍ॅथेरॉसने ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर स्वतःहून दिला, तर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या चिपसाठी मुक्त ड्रायव्हर जाहीर केला. जुन्या लॅपटॉपात ‘एटीएच९के’वर चालणारे कार्ड निघाले तर मालकाचे नशीब चांगले समजावे. त्याच्या पीसीआय, म्हणजे मदरबोर्डला जोडलेल्या, कार्डांना डिस्कवरून वेगळे फर्मवेअर भरावे लागत नाही.

नेटसाठी नेट

खेड्यातला मुख्य पेच असा की फर्मवेअर उतरवायला नेट लागते आणि नेट मिळायला फर्मवेअर लागते. शहरात राउटरची केबल काढून लॅपटॉपला लावली की पेच सुटतो. खेड्यात राउटर असलाच तर ग्रामपंचायतीत, भारतनेटच्या फायबरवर. २०११ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आणि २०१५ पासून भारतनेट म्हटल्या जाणाऱ्या या योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. पुढची वस्ती मोबाइलच्या टॉवरवरच असते. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात किंवा भामरागड-एटापल्लीकडे तर तो टॉवरही प्रत्येक पाड्याला पुरत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

यावरचा सर्वांत साधा उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचे. लिनक्सला हा फोन तारेच्या कार्डासारखा दिसतो. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो, वेगळे काही भरावे लागत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. बाजारातल्या काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि मग टेदरिंगचे बटण फोनवर दाबताच येत नाही. ही युक्ती इतकी उपयोगी आहे की वायफायच्या कोणत्याही पाठात ती पहिल्या पानावर असायला हवी. प्रत्यक्षात ती क्वचितच सांगितली जाते.

गावात टॉवरच नसेल तर फाइली पेनड्राइव्हवर आणाव्या लागतात. इथे एक खाचखळगा आहे. डेबियन आणि उबुंटू या वितरणांत ‘बी४३’वर चालणाऱ्या चिपसाठी असलेल्या फर्मवेअर पॅकेजच्या नावात ‘इन्स्टॉलर’ असा शब्द आहे आणि तो अगदी खरा आहे. त्या पॅकेजमध्ये फर्मवेअर नसते. बसवताना ते नेटवरून मूळ फाइल उतरवून तिच्यातून फर्मवेअर कापून काढते. ते पॅकेज पेनड्राइव्हवर घालून धारणीहून वीस कोस आत नेले तर हाती काही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी नेटवर असतानाच ते बसवावे, मग फर्मवेअरच्या फोल्डरात तयार झालेल्या फाइली उचलून न्याव्यात.

जुन्या कार्डांचे स्वभाव

फोनचा हॉटस्पॉट चालू आहे, शेजारच्या फोनला दिसतो, लॅपटॉपला दिसत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बहुधा लिनक्सचा दोष नसतो. जुनी स्वस्त कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर उघडतात. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ निवडले की नाव दिसू लागते. दिसूनही जुळत नसेल तर सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीऐवजी जुनी डब्ल्यूपीए२ ठेवून पाहावी.

याच्या जवळचाच घोळ चॅनलचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या भागांचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या कार्डाच्या पोटातच ती मर्यादा लिहिलेली असते आणि लिनक्स ती पाळतो. राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडले की तो त्या कार्डापुरता नाहीसा होतो. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ ही आज्ञा कोणत्या देशाचे नियम लागू आहेत ते सांगते. मुळात सोपा मार्ग राउटर १, ६ किंवा ११ वर पक्का करण्याचा. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा त्यानंतर, २०१८ मध्ये.

रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई चिपची गोष्ट निराळी. ती जोडली जाते, पण राउटर हाताच्या अंतरावर असतानाही रेंज एका काडीवर. तिच्यावर अँटेनासाठी दोन तोंडे असतात. पैसे वाचवण्यासाठी अनेक लॅपटॉपांत एकच अँटेना लावलेली असते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या तोंडाकडे ऐकत बसतो. ड्रायव्हरचा ‘अँट सेल’ हा पर्याय १ किंवा २ असा बदलून पाहिला की पाचही काड्या भरतात. एका आकड्यासाठी कितीतरी चांगले लॅपटॉप ‘वायफाय खराब’ म्हणून कवडीमोलाने विकले गेले असतील.

आरटीएल८८२१सीई या चिपसाठी बाहेरचा ड्रायव्हर उतरवून संगणकावरच संकलित करा, म्हणजे मूळ कोडपासून घडवा, असा सल्ला सर्रास मिळतो. तसे करण्यात दोन अडचणी येतात. कर्नल अद्ययावत झाला की तो ड्रायव्हर पुन्हा घडवावा लागतो. ‘डीकेएमएस’ ही आज्ञावली हे काम आपोआप करते, पण तिलाही कर्नलच्या हेडर फाइली (ड्रायव्हर घडवताना लागणारी कर्नलची माहिती) लागतात आणि त्या यायला पुन्हा नेट. दुसरे म्हणजे सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही तपासणारी सुरक्षा, चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेतच नाही. २०२० च्या ५.९ या कर्नलपासून ही चिप मूळ कर्नलमध्येच आहे. तेव्हा नवे वितरण टाकणे हाच शहाणपणाचा रस्ता.

काही वेळा कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर सगळे जागेवर असते आणि वायफाय बंदच राहते. ‘आरएफकिल’ ही आज्ञा त्याचा उलगडा करते: ‘सॉफ्ट ब्लॉक’ असेल तर आज्ञेनेच उठतो, ‘हार्ड ब्लॉक’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे छोटे बटण किंवा कळफलकावरची कळ शोधावी. जोडणीचे रोजचे काम नेटवर्कमॅनेजर ही आज्ञावली पाहते. उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड दिला की झाले.

लाईन, टिन आणि कूलर

जोडणी झाल्यावरही नेट चालत नसेल तर घड्याळ पाहावे. जुन्या लॅपटॉपची मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, मुख्य बॅटरीही उतरलेली. लाईन गेली की तारीख कितीतरी वर्षे मागे जाते. वायफाय जोडलेले दिसते, पण ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाला नाकारतो, कारण त्याच्या लेखी त्या स्थळांची प्रमाणपत्रे अजून सुरूच झालेली नसतात. सातबारा उघडत नाही म्हणून वायफायला दोष दिला जातो. तारीख नीट केली, जमल्यास काही रुपयांची ती बॅटरी बदलली, की काम भागते.

रेंजचा हिशेब विदर्भात ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात खिडकीला लागणारा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, आत पाण्याची टाकी आणि तिन्ही बाजूंना भिजलेले गवत. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतो. राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये कूलर आला की हिवाळ्यात चालणारी जोडणी एप्रिलमध्ये तुटायला लागते. टिनाच्या छपराखालच्या खोलीत बाहेरचा हॉटस्पॉट पोचत नाही, म्हणून फोन दारात किंवा खिडकीत ठेवतात. इथे डोंगलचा एक मोठा फायदा दिसतो. यूएसबीच्या लांबवणाऱ्या केबलने डोंगल खिडकीबाहेर टांगता येते, आतल्या कार्डाची अँटेना कुठे नेता येत नाही.

रेंज काठावरची असेल तर कार्डाची वीजबचत बंद करावी. या बचतीत कार्ड मधूनमधून झोपते आणि कमजोर लहरींवर राउटरचा निरोप त्याच्याकडून हुकतो. ‘आयडब्ल्यू’च्या ‘पॉवर सेव्ह ऑफ’ या पर्यायाने ती तात्पुरती बंद होते. कायमची बंद करायची तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगच्या फाइलीत वायफायच्या वीजबचतीचा आकडा २ करतात. बॅटरी थोडी लवकर उतरते. शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या यंत्राची तार बोर्डालाच लावलेली असते, त्यामुळे तिथे हा बदल करायला काहीच हरकत नाही.