मोठी गाठ धाकट्या गाठींना का दाबून ठेवते?

कर्करोगाची मूळ गाठ काढून टाकल्यावर काही रुग्णांमध्ये इतरत्र दडलेल्या बारीक गाठी एकदम फोफावतात. शल्यचिकित्सकांना हे जुनंच ठाऊक होतं, कारण उमगत नव्हतं. (म्हणून शस्त्रक्रिया टाळावी, असा अर्थ कुणी काढू नये.)

बॉस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की, नव्या रक्तवाहिन्या मिळाल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. ऑक्सिजन केशवाहिनीपासून जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिरपतो. त्यामुळे गाठ व्हीईजीएफसारखी प्रथिनं सोडून शेजारच्या वाहिन्यांना फाटे फुटायला लावते. बरीच वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत मायकेल ओ'रायली यांनी तो जुना प्रश्न उंदरांवर तपासला. मूळ गाठ असेपर्यंत फुफ्फुसातल्या दुय्यम गाठी खुरटलेल्या राहत, ती काढली की वाढत. म्हणजे दाबून ठेवणारं काहीतरी मूळ गाठीमुळेच रक्तात येत असणार. ओ'रायलींनी अशा उंदरांचं मूत्र चिकाटीने जमवून गाळलं आणि १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन हे रोधक प्रथिन जाहीर झालं. ते निघालं प्लाझ्मिनोजेनचा तुकडा! रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेतलं हे नेहमीचं प्रथिन अखंड असताना वाहिन्यांची वाढ रोखत नाही, तुटल्यावर रोखतं. १९९७ मध्ये सापडलेलं एंडोस्टॅटिन हाही कोलॅजन-१८ या प्रथिनाचा शेवटचा तुकडा.

मग गाठ स्वतः का वाढते? फोकमन यांचं उत्तर मला फार आवडतं. वाढीला चिथावणारी प्रथिनं लवकर नष्ट होतात, त्यामुळे त्यांचा जोर गाठीच्या आसपासच चालतो. रोधक तुकडे रक्तात जास्त काळ टिकतात आणि दूरवर पोचतात.

हे रोधक तुकडे दिल्यावर उंदरांमध्ये गाठी आक्रसल्या, १९९८ मध्ये वर्तमानपत्रांनी आशा आभाळाला भिडवली. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र परिणाम तोकडा पडला. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेव्हासिझुमॅब हे औषध म्हणजे निसर्गातलं रोधक नव्हे, व्हीईजीएफला पकडणारी प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिपिंडं आहेत. चीनने २००५ मध्ये एंडोस्टॅटिनचं सुधारित रूप फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य केलं.

कोलॅजन-१८ चं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. अशा व्यक्तींच्या रक्तात एंडोस्टॅटिन अधिक आढळतं आणि रक्ताचे कर्करोग वगळता गाठींचे बहुतेक कर्करोग त्यांच्यात कमी दिसतात. श्रेय एकट्या एंडोस्टॅटिनचं नाही. त्याच गुणसूत्रावर वाहिन्यांची वाढ रोखणारी आणखीही जनुकं आहेत.